दुसऱ्या जन्मातही तोच हट्ट

फुटबॉलवाला अर्लिंग हालँड कोण, हे आमच्या सोसायटीतलं सहावीतलं पोरगंही झोपेत सांगेल. सोनेरी केसांचा बुचडा, अंगापिंडाने बुलंद, आणि गोल झाला की मैदानातच मांडी घालून ध्यानस्थ. आर्सेनलवाल्यांच्या कृपेने मार्टिन ओडेगार्डही घराघरांत पोचलाय. पण हे दोघं नॉर्वेची लाल जर्सी घालून खेळतात तेव्हा रेघेच्या अलीकडे एक टकला गृहस्थ हातवारे करत उभा असतो, आणि त्याच्याकडे कॅमेरा सहसा संघाने गोल खाल्ल्यावरच वळतो. नॉर्वेच्या फुटबॉल संघाचा तो प्रशिक्षक. त्याचं नाव स्टोले सोल्बाकन. त्याच्या छातीत पेसमेकर बसवला गेला, त्याला आता पाव शतक होत आलं. त्याआधी, 2001 सालच्या मार्चमधल्या एका मंगळवारी, तो जवळपास सात मिनिटं मेलेला होता. वैद्यकीय भाषेत, कागदोपत्री मेलेला.

एवढं वाचलं की पुढची गोष्ट काय असणार ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. माणूस यमाच्या दारातून परत येतो, त्याला आयुष्याची किंमत कळते, तो शांत होतो, हरण्या-जिंकण्याच्या पलीकडे जातो, मग भाषणं देत फिरतो. सोल्बाकनने यातलं फारसं काही केलं नाही. तो परत आला आणि पहिल्यापेक्षा जास्त भांडला. मला तो आवडतो तो यासाठी.

जन्म 27 फेब्रुवारी 1968, कॉंग्सविंगर. नॉर्वेच्या पूर्वेला, स्वीडनच्या सरहद्दीजवळचा जंगलाचा मुलूख. पोस्टकार्डावर दिसतो तो खाड्यांचा आणि कड्यांचा नॉर्वे इथे नाही. इथे झाडं, नदी, आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. तिथून तो हामारच्या हामकाम या क्लबात गेला. हामार म्हणजे म्योसा या नॉर्वेतल्या सगळ्यात मोठ्या तळ्याच्या काठचं गाव. 1994 मध्ये लिलेस्ट्रोम हा क्लब, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संघात पदार्पण. मधल्या फळीत खेळायचा. चेंडू पायाला चिकटवून चौघांना चकवणारा हा गडी नव्हे. मागून उशिराने पेनल्टी बॉक्समध्ये घुसायचं आणि बचाव करणाऱ्यांची नजर चुकवून गोल करायचा, ही त्याची खोड. बाकी वेळ इतरांना जागेवर उभं करण्यात जायचा. तू इकडे, तू दोन पावलं मागे, तू गप्प बस. असे खेळाडू पुढे प्रशिक्षक झाले की कुणाला नवल वाटत नाही. खेळत असतानाच त्यांची ती नोकरी अर्धी सुरू झालेली असते.

राष्ट्रीय संघात त्याला एगिल ओल्सेन भेटले. सगळा नॉर्वे त्यांना ड्रिलो म्हणतो. पँट खोचलेले गमबूट घालून मैदानाकडेला उभा राहणारा हा माणूस आकडेमोडीचा पक्का होता. सामन्यांच्या चित्रफिती बघून गोल नेमके कुठून आणि कशानंतर होतात याचा हिशोब त्यांनी काढला, आणि संघाला सांगितलं: चेंडू मधे घोळवू नका, लांब मारा, पुढे पळा, आणि चेंडू गेला की सगळे आपापल्या जागी परत या. सौंदर्यवाद्यांनी नाकं मुरडली. पण जेमतेम अर्धा कोटी वस्तीचा हा देश 1993 मध्ये आणि पुन्हा 1995 मध्ये फिफाच्या यादीत जगात दुसरा होता. 1998 च्या विश्वचषकात मार्सेलला या संघाने ब्राझीलला 2-1 हरवलं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. कोल्हापुरात आजही पेठांमध्ये ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले अशी उभी फाळणी असते. त्या रात्री ब्राझीलवाल्यांनी त्या शेवटच्या पेनल्टीवरून जी शिव्यांची लाखोली वाहिली असेल, ती कल्पनेनेच ऐकू येते. शेटिल रेकडालने ती 88व्या की काय मिनिटाला मारली आणि नॉर्वे बाद फेरीत गेला.

सोल्बाकन त्या विश्वचषकाच्या संघात होता. दोन वर्षांनी, 2000 च्या युरोच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या चषकाच्या, संघातही. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण त्यानंतर पंचवीस वर्षं नॉर्वेचा पुरुषांचा संघ एकाही मोठ्या स्पर्धेत दिसला नाही. अर्लिंग हालँडचा जन्म 21 जुलै 2000 चा. म्हणजे नॉर्वे युरोतून घरी परतला आणि महिनाभरात हे बाळ जन्माला आलं. ओडेगार्ड 1998 च्या डिसेंबरचा, त्या विश्वचषकानंतरचा. सोल्बाकन राष्ट्रीय संघाकडून 58 सामने खेळला, 9 गोल केले. त्याचा क्लबांचा प्रवास मात्र सरळ नव्हता. 1997 मध्ये तो इंग्लंडला विम्बल्डनकडे गेला. तो क्लब तेव्हा नॉर्वेच्या दोन धनाढ्यांनी विकत घेतला होता. पण मॅनेजर जो किनियर यांच्याशी त्याचं जमलं नाही, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने मिळाले, आणि काही महिन्यांत तो डेन्मार्कच्या आल्बोरला निघून आला. तिथे 1999 मध्ये डॅनिश लीग जिंकली. पुढच्या वर्षी एफसी कोपनहेगन. तिथे प्रशिक्षक कोण, तर रॉय हॉजसन. स्कँडिनेव्हियात जागा राखून बचाव करण्याची विद्या ज्यांनी सत्तरच्या दशकात रुजवली, त्यांतले एक. म्हणजे खेळाडू म्हणून त्याचे पहिले मोठे गुरू ड्रिलो आणि शेवटचे हॉजसन. दोघंही रांगेचे, शिस्तीचे, जागेचे भक्त. हा माणूस पुढे कसला प्रशिक्षक होणार, हे तिथेच ठरलं.

13 मार्च 2001. कोपनहेगनचा नेहमीचा सराव. धक्का नाही, टक्कर नाही, कुणाशी झटापट नाही. तेहतीस वर्षांचा, रोज पळणारा, रोज तपासला जाणारा खेळाडू कोसळला. हृदय थांबलं होतं. क्लबचे डॉक्टर फ्रँक ओडगार्ड यांनी छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. रुग्णवाहिका आली तेव्हा तो गेलेला आहे असंच ठरलं. पण दाब देणं थांबलं नाही, आणि रुग्णालयाच्या वाटेवर, जवळपास सात मिनिटांनी, हृदय पुन्हा चालू झालं.

इथे जरा थांबायला हवं, कारण अशा वेळी आपण सगळं श्रेय दैवाला देऊन मोकळे होतो. दोरी बळकट, म्हणतो. हृदय अचानक बंद पडल्यावर छातीवर दाब मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. मेंदूला रक्त गेलं नाही तर चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशी मरायला लागतात. म्हणजे सात मिनिटं हृदय बंद असूनही एखादा माणूस उठून बसतो, आपल्या बायकोला नावाने हाक मारतो आणि पुढे पाव शतक ऑफसाइडवरून रेफरीशी वाद घालतो, याचा अर्थ त्या सगळ्या वेळात कुणाचे तरी दोन हात त्याच्या बरगड्यांवर दणादण पडत होते. मिनिटाला शंभरहून जास्त वेळा, छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने. हे काम करणाऱ्याचे दंड दोन मिनिटांत भरून येतात. दैव असेल तर ते त्या दंडांत होतं.

हृदयात एक दोष होता, आजवरच्या कुठल्याही तपासणीत न सापडलेला. पेसमेकर बसवला आणि डॉक्टरांनी खेळ थांबवायला सांगितलं. कोपनहेगनने त्या मोसमात लीग जिंकली. सोल्बाकनचं खेळणं तिथेच संपलं.

आमच्या मामांना पेसमेकर बसवला तेव्हाचं घर मला आठवतं. मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर स्टँडवर माइकवरून ओरडलेला माणूस. डाव्या खांद्याच्या हाडाखाली कातडीआड तो छोटासा उंचवटा दिसायचा, काडेपेटीपेक्षा लहान. मोबाइल उजव्या कानालाच लावायचा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण डॉक्टरांनी न सांगितलेल्या गोष्टी घरच्यांनी जास्त पाळल्या. भारत-पाकिस्तान सामन्याच्या शेवटच्या चार षटकांत मामी टीव्ही बंद करून टाकायच्या. कुणाच्या भांडणाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचू द्यायची नाही. दारात मोठ्याने बोलायचं नाही. मामा सगळं ऐकून घ्यायचे आणि नऊ वाजता चपला अडकवून स्टँडवर जायचे. तिथे नव्या नियंत्रकाच्या डोक्यावर उभं राहून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची यावर वाद घालायचे. मामी हताश होऊन म्हणायच्या, "यंत्र बसवून आणलं, पण स्वभाव तोच ठेवला डॉक्टरांनी." त्या वाक्यात तक्रार किती आणि सुटकेचा निःश्वास किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हा सोल्बाकनने काय केलं, तर वर्षभरात हामकामचं प्रशिक्षकपद घेतलं. आपलाच जुना क्लब, तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरलेला. फुटबॉलचा प्रशिक्षक ही नोकरी हृदयरोग्याला कुठलाही डॉक्टर आपणहून सुचवणार नाही. खेळाडूला निदान पळून ताण घालवता येतो. हा तिथेच उभा. नव्वद मिनिटं दुसऱ्यांच्या पायांवर आपली भाकरी आणि आपल्या हातात काही नाही. 2003 मध्ये त्याने हामकामला वरच्या श्रेणीत चढवलं, आणि 2006 च्या सुरुवातीला कोपनहेगनने त्याला परत बोलावलं. ज्या क्लबच्या मैदानावर तो मेला होता, त्याच क्लबात, साहेब म्हणून.

आता त्याच्या हट्टाबद्दल. सोल्बाकनचा बचाव जागेचा आहे, माणसाचा नाही. साध्या भाषेत: समोरच्या संघाचा अमुक खेळाडू तुझा, तो जाईल तिथे तू जा, असं तो सांगत नाही. हा पट्टा तुझा, इथे जो येईल त्याला बघ, आणि तुझ्या शेजारचा दोन पावलं सरकला की तूही सरक, असं सांगतो. पंगतीत वाढणारे असतात ना, तसं. ज्याने त्याने आपली रांग सांभाळायची. एखादा उत्साही वाढपी ओळखीचा पाहुणा दिसला म्हणून भाताची परात घेऊन तिसऱ्या रांगेत गेला की इकडे त्याची सगळी रांग पानं आ वासून बसते. यातली मेख अशी की हे सगळ्यांना एकदम जमावं लागतं. दहापैकी नऊ जणांनी नीट केलं आणि एकाला झोप लागली, तर बाकीच्या नवांची मेहनत वाया. माणूस-माणूस बचावात चूक एकाची असते. जागेच्या बचावात गोल झाला की सगळेच मूर्ख दिसतात, आणि सगळ्यांत जास्त मूर्ख दिसतो तो बाहेर उभा असलेला.

कोपनहेगनमध्ये हे जमलं. असं जमलं की बघत राहावं. 2006 च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सच्या आयाक्सला अ‍ॅमस्टरडॅममध्ये जाऊन हरवलं आणि हा क्लब पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, गट फेरीत पोचला. नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावर, पार्केनवर, अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्या मँचेस्टर युनायटेडला 1-0 हरवलं. गोल मार्कस आल्बेकचा. गटात शेवटी चौथेच आले ते सोडा. खरा मोसम 2010-11 चा. गटात बार्सिलोना, रुबिन कझान आणि पानाथिनाइकोस. पेप ग्वार्डिओलाचा तो बार्सिलोना, ज्याच्यापुढे तेव्हा भल्याभल्यांची भंबेरी उडायची. बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर कोपनहेगन 2-0 हरला, पण त्या सामन्यात एक मजेशीर, आणि खरं तर लाजिरवाणी, गोष्ट घडली. कोपनहेगनचा सेझार सांतिन गोलच्या दिशेने मोकळा निघाला होता. अचानक शिट्टी ऐकू आली. ऑफसाइड समजून तो थांबला. रेफरीने शिट्टी वाजवलेलीच नव्हती. बार्सिलोनाचा गोलरक्षक पिंतो याने तोंडाने शीळ घातली होती. युरोपच्या फुटबॉल महासंघाने, युएफाने, त्याला दोन सामन्यांची बंदी घातली. दोन आठवड्यांनी पार्केनवर परतीचा सामना. मेस्सीने गोल केला आणि लगेच क्लाउडेमिरने बरोबरी साधली. 1-1. सामना संपल्यावर ग्वार्डिओला आणि सोल्बाकन यांची मैदानातच, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर, चांगली जुंपली.

ते दृश्य मी नंतर बऱ्याचदा पाहिलंय. जगातल्या सगळ्यात कौतुकाच्या प्रशिक्षकासमोर हा कॉंग्सविंगरचा माणूस एक पाऊलही मागे सरकत नाही. नऊ-साडेनऊ वर्षांपूर्वी याच शहरात याचं हृदय बंद पडलं होतं आणि आता एका शिळेवरून, एका बरोबरीवरून हा एवढा तापलाय, हे बघून मला मामींचं ते वाक्य आठवतं. कोपनहेगनने त्या गटात दहा गुण मिळवले, दुसरे आले. चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत पोचलेला डेन्मार्कचा तो पहिला क्लब. पुढे चेल्सीने अडवलं. देशातल्या लीगमध्ये मात्र त्यांनी दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला 26 गुणांनी मागे टाकलं. सव्वीस! आठ-नऊ सामन्यांचा फरक.

इथे गोष्ट थांबली असती तर ती सुबक झाली असती. तो 2012 पासून नॉर्वेचा राष्ट्रीय प्रशिक्षक होणार, ड्रिलोंची गादी चालवणार, असं केव्हाच जाहीर झालं होतं. त्याने ते सोडलं आणि जर्मनीला, कोलोन या क्लबला गेला. मोठी लीग, मोठं शहर, पन्नास हजारांचं स्टेडियम. आणि तिथे सगळं बिनसलं. गेल्या गेल्या त्याने लुकास पोडोल्स्कीची कप्तानी काढून बचावपटू जेरोमेलला दिली. पोडोल्स्की म्हणजे त्या शहराचा लाडका लेक. फुटबॉलच्या तर्काने निर्णय चुकीचा नसेलही, पण परक्या घरात पाऊल टाकताच देव्हारा हलवू नये, एवढं व्यवहारज्ञान कुणी तरी त्याला द्यायला हवं होतं. त्याच्या जागेच्या बचावाला वेळ लागतो, रोजची घोटणी लागते, आणि सगळ्यांचा विश्वास लागतो. तिथे यातलं काही नव्हतं. मोसमाच्या मध्यात क्लबचे अध्यक्ष वोल्फगांग ओव्हराथ, स्वतः 1974 चे विश्वविजेते, राजीनामा देऊन मोकळे झाले. संघ गोल खात राहिला. एप्रिल 2012 मध्ये सोल्बाकनला नारळ मिळाला आणि त्या मोसमाअखेर कोलोन खालच्या श्रेणीत गेला.

मग इंग्लंडमध्ये वुल्व्ज हा क्लब. हे तर आणखी वाईट. नुकताच प्रीमियर लीगमधून घसरलेला, रुसलेला, महागड्या पगारांचा संघ. 5 जानेवारी 2013 ला एफए कपात पाचव्या श्रेणीतल्या लुटनने त्यांना 1-0 हरवलं आणि त्याच दिवशी सोल्बाकनची गच्छंती झाली. एका वर्षाच्या आत दोन हकालपट्ट्या.

लोक ही दोन वर्षं त्याच्या कारकिर्दीतला डाग म्हणून सांगतात. मला ती सगळ्यात जास्त कुतूहलाची वाटतात. मृत्यू बघून आलेल्या माणसाला नोकरी गेल्याचं काय वाटत असेल, असं आपण सहज म्हणतो. मला वाटतं, तितकंच वाटत असेल जितकं तुम्हाला-मला वाटतं. त्या सात मिनिटांच्या आधीचं आणि नंतरचं आयुष्य एकाच मापाने मोजावं लागतं. दुसरं माप कुणी देत नाही. घरी बसलेल्या माणसाला "अहो, जिवंत आहात ना, मग झालं तर" असं सांगणारे शंभर जण भेटतात, पण सोमवारी सकाळी त्याला जायला मैदान नसतं.

ऑगस्ट 2013 मध्ये कोपनहेगनने त्याला तिसऱ्यांदा आत घेतलं. आधी खेळाडू, मग प्रशिक्षक, मग पुन्हा प्रशिक्षक. पुढची सात वर्षं, आणखी तीन लीग विजेतेपदं. आधीची पाच धरून आठ. त्या पर्वातला एक सामना मला विशेष वाटतो. करोनामुळे 2020 मध्ये युरोपा लीगचे शेवटचे टप्पे जर्मनीत, एकेका सामन्यावर उरकले गेले. उपांत्यपूर्व सामना, 10 ऑगस्ट, समोर मँचेस्टर युनायटेड, त्यांच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून ओले गुन्नार सोल्शार, म्हणजे नॉर्वेच्या संघातला जुना सहकारी. आणि मैदान कुठलं, तर कोलोनचं. जिथून आठ वर्षांपूर्वी याला हाकललं होतं तेच, पण रिकामं, एकही प्रेक्षक नाही. कोपनहेगनचा गोलरक्षक कार्ल-योहान योनसन त्या रात्री भिंत होऊन उभा राहिला, तेरा फटके अडवले. जादा वेळेतल्या पेनल्टीने सामना 1-0 गेला. दोनच महिन्यांत, लीगची सुरुवात वाईट झाली म्हणून, कोपनहेगननेही त्याला काढलं. आठ विजेतेपदं देणाऱ्याला. फुटबॉलमध्ये पेन्शन नसते.

डिसेंबर 2020 मध्ये, नऊ वर्षं उशिराने, तो नॉर्वेचा प्रशिक्षक झाला. हाताशी हालँड, ओडेगार्ड, सोरलोथ. पहिल्याच पात्रता सामन्याआधी, मार्च 2021 मध्ये जिब्राल्टरला, त्याच्या खेळाडूंनी कतारमधल्या मजुरांच्या प्रश्नावर मानवी हक्कांचे टी-शर्ट घातले, आणि जगभर त्याची बातमी झाली. खेळाची बातमी मात्र व्हायची ती निराशेची. त्याच वर्षीचा नोव्हेंबर, रॉटरडॅम, पुन्हा रिकामं स्टेडियम, जखमी हालँड घरी, नेदरलँड्सकडून 2-0 हार, विश्वचषक हुकला.

मधे जूनमध्ये एक घटना घडली होती. 12 जून 2021, पार्केन, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. पहिला डाव संपत आला असताना क्रिस्टियन एरिक्सन कुणाचाही धक्का न लागता कोसळला. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती पाठमोरं कडं केलं, आत डॉक्टर छातीवर दाब देत होते. तेच शहर, तोच प्रकार, आणि सोल्बाकनची सगळी मोठी कामं ज्या मैदानावर झाली तेच मैदान. एरिक्सनच्या छातीत विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा ठेक्यावर आणणारं यंत्र बसवलं गेलं, आणि आठ-नऊ महिन्यांत तो प्रीमियर लीगमध्ये खेळायला उतरला. 2001 मध्ये सोल्बाकनला असा पर्याय असता तर तो आणखी दोन-तीन वर्षं खेळला असता, मग कदाचित हामकामची ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असती. जाऊ दे, असल्या जर-तरला अंत नाही.

त्याच्यावर सगळ्यात जास्त दगड पडले ते 17 जून 2023 ला. ओस्लो, उलेव्हाल स्टेडियम, उकाड्याची संध्याकाळ, युरोची पात्रता, समोर स्कॉटलंड. हालँडच्या पेनल्टीने नॉर्वे 1-0 पुढे. सामना खिशात. शेवटची काही मिनिटं उरली असताना सोल्बाकनने हालँडला बाहेर घेतलं. 87व्या मिनिटाला लिंडन डाइक्स, 89व्या मिनिटाला केनी मॅक्लीन. दोन मिनिटांत 1-2. हालँड बाकावरून बघत बसला. ज्या प्रशिक्षकाची सगळी विद्या रांग आणि जागा सांभाळण्यात गेली, त्याच्या संघाने शेवटच्या पाच मिनिटांत रांगही सोडली आणि जागाही. युरो हुकली. ऑक्टोबर 2024 मध्ये लिंझला ऑस्ट्रियाने 5-1 धुतलं तेव्हा तर याला घालवा म्हणणाऱ्यांचा आवाज टिपेला पोचला. एवढ्या गुणी पोरांच्या हाती एकही स्पर्धा लागू नये, हा आरोप खोटा नव्हता. मीही तेव्हा हेच म्हणत होतो, आणि आजही म्हणेन की तो स्कॉटलंडचा निर्णय वाईट होता. नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाने मात्र त्याला ठेवलं. त्याच वर्षी नेशन्स लीगचा गट नॉर्वेने जिंकला, पण तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

हालँडच्या बाबतीत एक वेगळंच नातं आहे, ते सांगायचं राहिलं. अर्लिंगचे वडील आल्फी हालँड हे सोल्बाकनचे राष्ट्रीय संघातले सहकारी. सोल्बाकन कोसळला त्या मार्चनंतर पाचेक आठवड्यांनी, 21 एप्रिल 2001 ला, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनने आल्फीच्या गुडघ्यावर तो कुप्रसिद्ध घाव घातला. आल्फीचं खेळणं कीनमुळेच संपलं, असं सर्रास सांगितलं जातं. तसं ते नाही. घाव उजव्या गुडघ्यावर बसला आणि दुखणं डाव्याचं होतं. पण 2003 मध्ये त्यांनीही बूट टांगले. म्हणजे एकाच वसंतात नॉर्वेच्या दोन मिडफिल्डरांची उतरण सुरू झाली, एकाची हृदयाने, दुसऱ्याची गुडघ्याने. आणि तेव्हा आठ-नऊ महिन्यांचा असलेला तो मुलगा आता या दोघांपैकी एकाच्या हाताखाली खेळतो. अलेक्झांडर सोरलोथचे वडील गोरान हेही 1994 च्या विश्वचषकातले. सोल्बाकन या पोरांना ओरडतो तेव्हा त्यात थोडा काकाचा हक्क असणारच.

2025 मध्ये मात्र सगळं जुळून आलं. गटात इटली, इस्रायल, एस्टोनिया, मोल्दोव्हा. जूनमध्ये ओस्लोत इटलीला 3-0. सप्टेंबरमध्ये मोल्दोव्हाला 11-1. हालँडचे पाच, आणि बाकावरून आलेल्या थेलो आसगार्डचे चार. आठपैकी आठ विजय, 37 गोल, त्यांतले 16 एकट्या हालँडचे. खाल्लेले फक्त पाच. हल्ल्याचे आकडे सगळ्यांनी छापले. पण सोल्बाकनला त्या शेवटच्या पाचाचंच जास्त अप्रूप असेल, असा माझा होरा आहे.

शेवटचा सामना 16 नोव्हेंबरला, मिलानच्या सान सिरोवर. आपल्याकडे रात्रीचे सव्वा वाजलेले. नॉर्वेला गटातून खाली खेचायला इटलीला नऊ गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं. म्हणजे औपचारिकता. शिवाय ओडेगार्ड दुखापतीमुळे बाहेर. अकराव्या मिनिटाला पियो एस्पोसितोने इटलीला पुढे नेलं, मध्यंतरापर्यंत 1-0. एखाद्याने म्हटलं असतं, जाऊ दे, तिकीट तर पक्कं आहे. दुसऱ्या डावात नॉर्वे वेगळाच संघ होऊन आला. 63व्या मिनिटाला नुसाची बरोबरी. 78 आणि 79 व्या मिनिटाला हालँड, हालँड. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत स्ट्रांड लार्सन. 1-4. अठ्ठावीस वर्षांनी विश्वचषक, आणि मागच्या वेळच्या संघातला एक माणूस पुन्हा त्या ताफ्यात, या वेळी कोट घालून.

सोडत निघाली, नॉर्वेच्या गटात फ्रान्स आणि सेनेगल आले. सेनेगल पळवून पळवून जीव काढणार, आणि फ्रान्ससमोर जागेचा बचाव म्हणजे त्यांच्या सुसाट एमबापेला मागे पसरलेलं मैदान दाखवणं, असं जाणकार आतापासून बोलायला लागलेत. सोल्बाकन त्यांचं ऐकेल असं वाटत नाही. तो आपली रांग लावणार, दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे. हालँडला शेवटच्या दहा मिनिटांत बाहेर घ्यायचं त्याच्या मनात आलं तर तो घेईलही, आणि मग नॉर्वेत जे व्हायचं ते होईल.